गावठाणापासून ग्रासहॉपरपर्यंत: कॉम्प्युटेशनल आर्किटेक्चर आणि अर्बन डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची तयारी

बी.आर्क.च्या चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेली, किंवा सिव्हिल करून तालुक्याच्या ठिकाणी नकाशा मंजुरीच्या कामात अडकलेली विदर्भातली बरीच मुलं-मुली एकच प्रश्न विचारतात: कॉम्प्युटेशनल डिझाइनला जायचं तर कोणतं सॉफ्टवेअर शिकू? सॉफ्टवेअर तीन-चार महिन्यांत हाताखाली येतं. निवड समितीपुढे अडतं ते दुसरीकडेच. अर्जदाराकडे मोजण्यासारखा स्वतःचा प्रश्न नसतो, आणि कॉम्प्युटरने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे त्याला पडताळता येत नाही. या दोन्ही गोष्टी शिकायला पुण्यात खोली घेऊन राहावं लागत नाही. दारव्हा, सिंदेवाही किंवा मेहकर तालुक्यातलं घर, गावठाण आणि पांदण रस्ता पुरेसा आहे.

आधी वाट ठरवा

या विषयात रेषा काढण्याआधी नियम लिहावा लागतो. खिडकी एवढी उंच असेल तर सज्जा किती बाहेर काढायचा, हा नियम एकदा लिहिला की शंभर खिडक्यांचे सज्जे कॉम्प्युटर काढतो. नियम कशाचे लिहायचे, यावरून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट आकार आणि बांधणीची: रोबो, लाकूड, बांबू, वेगळ्या धाटणीची छतं. श्टुटगार्ट विद्यापीठाचा आयटेक अभ्यासक्रम, झुरिचच्या ईटीएचमधला डिजिटल फॅब्रिकेशनचा एक वर्षाचा मास (एमएएस) अभ्यासक्रम आणि लंडनच्या एए स्कूलमधला एमटेक या वाटेवरचे. (हा एमटेक म्हणजे इमर्जंट टेक्नॉलॉजीज, आपल्याकडची एम.टेक. नव्हे. एमएससी १२ महिन्यांची, एम.आर्क. १६ महिन्यांची.) दुसरी वाट शहर मोजण्याची: रस्त्यांचं जाळं, माणसांची ये-जा, जमिनीचा वापर. लंडनच्या यूसीएलमधलं कासा हे केंद्र आणि बार्सिलोनाच्या आयएएसीचा सिटी अँड टेक्नॉलॉजी हा अभ्यासक्रम इथले. तिसरी वाट इमारतीच्या वागण्याची, म्हणजे ऊन, वारा, उष्णता, वीज. डेल्फ्टच्या दोन वर्षांच्या मास्टर्समधली बिल्डिंग टेक्नॉलॉजी ही शाखा त्यासाठी चांगली.

तिन्हींना एकाच पोर्टफोलिओने अर्ज करू नका. रोबोच्या प्रयोगशाळेला तुमचा बाजारपेठेचा सर्व्हे दाखवून उपयोग नाही. आमचं मत विचाराल तर गावाकडून येणाऱ्याला दुसरी आणि तिसरी वाट जास्त जवळची पडते, कारण त्यासाठी लागणारा कच्चा माल दारातच आहे आणि लेझर कटर लागत नाही.

यंत्र आणि सॉफ्टवेअर

१६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ४ ते ६ जीबीचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेला विंडोज लॅपटॉप पुरे. पैसे कमी असतील तर ग्राफिक्स कार्डावर तडजोड करा, रॅमवर नको. राइनो हे त्रिमितीय मॉडेल करण्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, हे जुना लॅपटॉप घेताना लक्षात ठेवा. ज्या गावात उन्हाळ्यात लाइट दिवसातून चारदा जाते, तिथे फाइल दर दहा मिनिटांनी आपोआप सेव्ह होईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. तासभर चालणारं सिम्युलेशन बॅटरीच्या भरवशावर लावू नका.

राइनोची चाचणी आवृत्ती ९० दिवस पूर्ण क्षमतेने चालते. त्यानंतर सेव्ह करणं आणि प्लगइन बंद होतात. म्हणून ती डाउनलोड करण्याची घाई नको. आधी क्यूजीआयएस (नकाशांसाठी), ब्लेंडर (त्रिमितीय चित्रांसाठी) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगसाठी) ही फुकटची साधनं शिका आणि मधल्या सुट्टीत सलग तीन महिने मिळणार असतील तेव्हाच राइनोचं घड्याळ सुरू करा. विद्यार्थी असताना सवलतीचा परवाना मिळतो. कॉलेज संपण्याआधी तो घेऊन टाका. ग्रासहॉपर, म्हणजे राइनोत चौकटी तारांनी जोडून नियम लिहिण्याचं साधन, राइनो ६ पासून आतच येतो, वेगळा टाकावा लागत नाही. ऊन-उष्णतेसाठी लेडीबग आणि हनीबी, रस्त्यांच्या विश्लेषणासाठी डेप्थमॅप-एक्स, पायथनमध्ये रस्त्यांच्या जाळ्यासाठी ओएसएमएनएक्स. हे सगळं मोफत आहे.

मोबाइलच्या डेटावर काम करत असाल तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा तुकडा-तुकडा रोज उतरवण्यापेक्षा जिओफॅब्रिकवरून भारताचा वेस्टर्न झोन एकदाच उतरवा. महाराष्ट्र त्यात येतो. हे काम जिल्ह्याच्या ठिकाणी, चांगल्या वायफायवर उरका. देहरादूनच्या आयआयआरएस या संस्थेचे रिमोट सेन्सिंग-जीआयएसचे (उपग्रह चित्रं आणि कॉम्प्युटरवरचे नकाशे) ऑनलाइन कोर्स मोफत असतात आणि प्रमाणपत्रही मिळतं. एनपीटीईएलवरचा पायथनचा कोर्स त्याच्या जोडीला करा.

पहिला सराव: ऊन

सुरुवात आडव्यातिडव्या पॅव्हिलियनने करू नका. सूर्यापासून करा, कारण सूर्याचं उत्तर अंगणात पडताळता येतं.

नागपूरची हवामान फाइल (ईपीडब्ल्यू) घ्या. तिच्यात वर्षाच्या ८,७६० तासांचे आकडे असतात. लेडीबगमध्ये सनपाथ (सूर्याचा वर्षभराचा मार्ग) उभा करा आणि १ मीटरची उभी काठी काढून तिची सावली पाडा. नागपूरचा अक्षांश साधारण २१.१५ अंश. २१ डिसेंबरला भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५.४ अंशांवर असतो, म्हणजे सावली साधारण ९९ सेंटिमीटर आणि उत्तरेकडे. २१ जूनला सूर्य डोक्यावरून दोन-सव्वादोन अंश उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे सावली जेमतेम ४ सेंटिमीटर आणि दक्षिणेकडे. तुमच्या मॉडेलमध्ये जूनची सावली उत्तरेला पडत असेल तर अक्षांश किंवा उत्तर दिशा चुकली आहे.

इथे हमखास होणारी चूक वेळेची. मॉडेलमध्ये १२ वाजले म्हणून मध्यान्ह झाली असं नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि नागपूर ७९.१ वर आहे. हा फरक दर अंशाला ४ मिनिटांप्रमाणे १३-१४ मिनिटांचा होतो. त्यामुळे जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या सुमारास. बारा वाजताची सावली पश्चिमेकडे झुकलेली दिसली की मुलं स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसतात. स्क्रिप्ट बरोबर असते. मे अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. मे महिन्यातल्या त्या दिवशी आभाळ बहुधा मोकळं असतं, तेव्हा खरी काठी रोवून मॉडेलशी ताडून बघा आणि फोटो ठेवा. तो पोर्टफोलिओत कामाला येतो.

मग सज्जा. दक्षिणेची खिडकी १.२ मीटर उंच आहे. मार्चमध्ये, दिवस-रात्र समान असताना, मध्यान्हीचं ऊन आत येऊ नये इतका सज्जा हवा. सूर्य ६८.८५ अंशांवर, १.२ ला त्या कोनाच्या टॅनने भागा, उत्तर ४६ सेंटिमीटर. हे आधी वहीत करा, नंतर ग्रासहॉपरमध्ये त्याच खिडकीची उंची स्लायडरवर ठेवून. दोन्ही उत्तरं जुळली की तीच स्क्रिप्ट पश्चिमेच्या खिडकीला लावा आणि मे महिन्यातले संध्याकाळचे ५ टाका. सज्जा दोन मीटर केला तरी ऊन आत येतंच, कारण सूर्य समोरून येतो. आडवा सज्जा पश्चिमेला का चालत नाही आणि तिथे जुन्या घरांत ओसरी किंवा तट्ट्याचा पडदा का असतो, हे एका आलेखात दाखवता आलं तर एवढ्यावरसुद्धा पोर्टफोलिओची दोन पानं होतात.

मुख्य प्रकल्प: स्वतःच्या गावठाणाचा नकाशा

शहरी बाजूला अर्ज करणाऱ्याने हा प्रकल्प मनापासून करावा. १९७०च्या दशकात बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूसीएलमध्ये स्पेस सिंटॅक्स ही पद्धत मांडली. तिचा गाभा सोपा आहे: रस्त्यांच्या जाळ्याची रचनाच बरीचशी ठरवते की माणसं कुठून जास्त जातील. गावठाण यासाठी उत्तम प्रयोगशाळा. जाळं लहान असतं, एकटा माणूस सगळं चालून मोजू शकतो, आणि पार, चावडी, हापशी, देऊळ, आठवडी बाजार यांच्या जागा सगळ्या गावाला तोंडपाठ असतात.

नकाशापासून सुरू करा. महाभूनकाशावर गावाचा गटनकाशा मिळतो, पण त्यात गावठाण हा बहुतेकदा एकच कोरा तुकडा असतो, आतल्या गल्ल्या नसतात. २०२०मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली गेली. तुमच्या गावाचं काम झालं असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत चौकशी करा. नकाशा मिळाला तर घरमालकांची नावं आणि मिळकत क्रमांक काढून टाकूनच वापरा. नाही मिळाला तर उपग्रह चित्रावरून क्यूजीआयएसमध्ये गल्ल्यांच्या मध्यरेषा स्वतः काढा आणि प्रिंट घेऊन गावातून फिरून दुरुस्त करा. चिंचेखाली झाकलेली बोळ आणि दोन घरांमधली पायवाट वरून दिसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्याकडच्या गावठाणात मुख्य रस्त्यापलीकडे फारसं काही नसतं, तेव्हा काढलेलं तिथेही चढवा.

आता विदर्भाची खास अडचण. अंतर मीटरमध्ये मोजायचं तर नकाशा यूटीएम पद्धतीत (पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) हवा, आणि ७८ अंश पूर्व रेखांशावर ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांची हद्द येते. ही रेघ विदर्भातून जाते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पूर्वेला, म्हणजे ४४ उत्तर, सॉफ्टवेअरमधला त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४४. अकोला, बुलढाणा, वाशीम पश्चिमेला, म्हणजे ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. यवतमाळ आणि अमरावती जिल्हे मात्र दुभंगतात. यवतमाळ शहर ४४ मध्ये आणि दारव्हा, दिग्रस, पुसद ४३ मध्ये. अमरावती शहर ४३ मध्ये आणि वरुड ४४ मध्ये. मैत्रिणीची फाइल जशीच्या तशी घेतली आणि पट्टा चुकला, तर नकाशा शेकडो किलोमीटर भलतीकडे जाऊन पडतो. तो निदान दिसतो तरी. न दिसणारी चूक जास्त वाईट: वेबवरच्या नकाशांची ३८५७ ही पद्धत तशीच ठेवली तर आपल्या अक्षांशावर प्रत्येक लांबी सुमारे ७ टक्के आणि क्षेत्रफळ १५ टक्के फुगतं. चित्र अगदी बरोबर दिसतं, आकडे सगळे चुकलेले. पडताळायला शाळेच्या मैदानाची एक बाजू टेपने मोजा.

रेषा काढताना स्नॅपिंग (रेषांची टोकं आपोआप जुळवण्याची सोय) चालू ठेवा. डोळ्याला जुळलेल्या दिसणाऱ्या दोन रेषांमध्ये २० सेंटिमीटरची फट असेल तर कॉम्प्युटरच्या लेखी ती गल्ली बंद आहे. विश्लेषण चालवण्याआधी प्रत्येक तिठ्यावर झूम करून बघा; कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. दुसरं, वळणदार गल्लीवर दर दोन पावलांना बिंदू टाकू नका. कोनावर आधारित विश्लेषण वळणं मोजतं. थरथरत्या हाताने काढलेली सरळ गल्ली त्याला वाकडी वाटते आणि तिचा क्रम खाली जातो.

नकाशा गावठाणाच्या हद्दीवर कापू नका. कापला की कडेच्या गल्ल्या खोट्याच ओसाड दिसतात. त्याला कडेचा परिणाम म्हणतात. हद्दीच्या बाहेर किमान ८०० मीटरपर्यंतचे पांदण रस्ते, फाट्याचा रस्ता, नाल्यावरचा पूल, वस्त्यांच्या वाटा घ्या. आकडे आतल्या भागाचेच दाखवा, पण हिशेबात बाहेरचं असू द्या.

मग रेषा डीएक्सएफ फाइलमध्ये काढून डेप्थमॅप-एक्समध्ये आणा, सेगमेंट मॅप (तिठ्यापासून तिठ्यापर्यंतच्या तुकड्यांचा नकाशा) करा आणि कोनीय विश्लेषण ४०० मीटर, ८०० मीटर आणि पूर्ण जाळं अशा तीन त्रिज्यांवर चालवा. दोन आकडे महत्त्वाचे: इंटिग्रेशन, म्हणजे ती गल्ली बाकी सगळ्यांपासून किती जवळ, आणि चॉइस, म्हणजे कुठूनही कुठेही जाताना ती किती वेळा वाटेत येते. लाल-निळा रंगीत नकाशा आला की अर्धे जण इथेच थांबतात आणि पोर्टफोलिओत लावतात. तो नकाशा म्हणजे अजून अंदाज आहे. खरं काम पुढे.

गावात १२ जागा ठरवा. गजबजलेल्या, मध्यम आणि सुनसान अशा तिन्ही प्रकारच्या. प्रत्येक ठिकाणी ५ मिनिटं उभं राहून काल्पनिक रेघ ओलांडणारी माणसं मोजा. बाया, पुरुष, मुलं, दुचाकी, बैलगाडी वेगवेगळे खुणेने लिहा. चालण्याचा वेळ धरून एक फेरी सव्वा ते दीड तासाची. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा फेऱ्या किमान दोन दिवस करा. बाजाराचा दिवस वेगळा मोजा. तो रोजच्या सरासरीत मिसळला तर सरासरीला अर्थ उरत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला मोजून ‘ही गल्ली वापरात नाही’ असं लिहू नका, त्या वेळी गावच घरात असतं. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सातनंतर मजूर वावरात गेलेले असतात, तेव्हा मोजणी त्याआधी सुरू करा. चौकात वही घेऊन उभं राहिलं की लोक विचारणारच, त्यामुळे सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा.

शेवटी आलेख: आडव्या अक्षावर चॉइस, उभ्यावर माणसं. माणसांचे आकडे फार विषम असतात, म्हणून त्यांचा लॉग घ्या. १२ बिंदूंमध्ये एक एसटीचा थांबा असला तर सगळी रेषा एकटा तोच ओढतो. त्याला वगळून आलेख पुन्हा काढा आणि दोन्ही दाखवा. जुळलं नाही तर घाबरू नका. जी गल्ली मॉडेलच्या मते गजबजायला हवी पण रिकामी आहे, तिथे जाऊन कारण शोधा: सांडपाणी वाहतं, दारू दुकान आहे, की एखाद्या वस्तीतल्या लोकांनी तिथून जायचं नाही असा अलिखित नियम आहे? जातीनुसार वसलेल्या गावात रस्त्याचं गणित जिथे मोडतं, ती जागा नीट मांडली तर लंडनमधल्या परीक्षकाने न पाहिलेली गोष्ट तुम्ही त्याच्यापुढे ठेवता.

उंचसखलपणा दाखवायचा मोह झाला तर एवढं ध्यानात घ्या की मोफत मिळणारं उंचीचं मॉडेल साधारण ३० मीटरच्या चौकटींचं असतं. ३०० मीटरच्या गावठाणात दहा बाय दहा चौकटी पडतात. त्यावरून गटारांचा उतार ठरवता येत नाही. आणि हा नकाशा राइनोत नेताना आधी मूळ बिंदूजवळ सरकवा. यूटीएममध्ये नागपूरचा उत्तरेकडचा आकडा २३ लाख मीटरच्या पुढे असतो. इतक्या लांब काम केलं की मेश फाटतात आणि प्रतल तुटक दिसतं.

दुसरे दोन विषय

घरांच्या उष्णतेवर काम करायचं असेल तर एकाच मापाची तीन घरं मॉडेल करा: मातीच्या जाड भिंती आणि कवेलू, विटांच्या भिंती आणि टिनपत्रे, विटा आणि स्लॅब. हनीबीमध्ये काही न सांगता खोली बनवली तर तिला ऑफिसचं वेळापत्रक लागतं, दिवसभर माणसं, दिवे आणि कॉम्प्युटर धरून. ते बदला, एसी बंद आहे याची खात्री करा, रात्री खिडक्या-दारं उघडी ठेवण्याची वेळ टाका आणि भिंतींचे थर स्वतः लिहा, तयार यादीतले घेऊ नका. सोबत शे-दोनशे रुपयांचा तापमापक खऱ्या घरात आठवडाभर टांगून तासातासाचे आकडे लिहून घ्या. सेवाग्रामची १९३६नंतरची माती-बांबूची घरं वर्ध्याजवळच आहेत. जाऊन भिंतीची जाडी आणि ओसरीची रुंदी मोजून आणा.

बांधणीच्या वाटेला जाणाऱ्यांसाठी बांबू आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचा मानवेल कधीच एकसारखा नसतो. शंभर काठ्यांची लांबी, दोन्ही टोकांचा व्यास आणि बाक मोजून तक्ता करा, आणि छताच्या कोणत्या जागी कोणती काठी जाईल हे स्क्रिप्टला ठरवू द्या. सांधे प्रत्यक्ष बनवून बघायला चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

पोर्टफोलिओ

२० ते २५ पानं, तीन किंवा चार प्रकल्प, त्यातला एक वर सांगितल्यासारखा खोल. कॉलेजातलं पंचतारांकित हॉटेल आणि विमानतळ एका पानात उरका. प्रत्येक कॉम्प्युटेशनल प्रकल्पात चार गोष्टी दिसाव्यात: प्रश्न एका वाक्यात, माहिती कुठून आणली, नियम काय लिहिला, आणि पडताळणी कशी केली. ग्रासहॉपरच्या तारांच्या गुंत्याचा स्क्रीनशॉट लावू नका, कुणी वाचत नाही. त्याऐवजी सहा-सात चौकटींची आकृती काढा. पीडीएफ किती एमबीची चालते ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, म्हणून चित्रं १५० डीपीआयला उतरवून एक हलकी प्रत तयार ठेवा. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये लहानपणापासून इमारतींचं वेड असल्याचं लिहू नका. गल्लीचा आलेख कुठे जुळला नाही आणि ते समजून घ्यायला त्या विभागातलं नेमकं काय शिकायचं आहे, तेवढं लिहा.

देशात की बाहेर

देशात राहायचं तर गेटचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग (एआर) पेपर द्या. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, गुणपत्रिका तीन वर्षं चालते. परीक्षा फेब्रुवारीत, पण नोंदणी आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरात उरकते, तीच अनेकांची निसटते. पेपरच्या दुसऱ्या भागात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग निवडता येतं. नागपूरच्या व्हीएनआयटीत अर्बन प्लॅनिंगची एम.टेक. आहे, आयआयटी खरगपूरला सिटी प्लॅनिंग, रुरकीला एम.आर्क. आणि अर्बन-रुरल प्लॅनिंग, एसपीए दिल्ली आणि भोपाळला अर्बन डिझाइन, अहमदाबादच्या सेप्टलाही अर्बन डिझाइन. राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची एम.आर्क. सीईटी वेगळी. सिव्हिलवाल्यांनी आयआयटी मुंबईचं सीएसआरई हे रिमोट सेन्सिंग-जीआयएसचं केंद्र बघावं. आपल्याकडे कॉम्प्युटेशनल काम बहुधा ऐच्छिक विषयांत आणि प्रबंधात होतं, त्यामुळे प्रवेशाआधी तिथे मार्गदर्शन कोण करतं ते विचारा. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका.

बाहेर जायचं आणि पैसा कमी, तर जर्मनी आधी तपासा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्टलाही, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. चार सत्रांचे ६,००० झाले. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरलेलीच रक्कम काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हा आकडा सप्टेंबर २०२४पासूनचा, अर्जाच्या वेळी पुन्हा बघा. भारतीयांना नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र (इथल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचं) सक्तीचं आहे आणि त्यात आठवडे जातात, म्हणून प्रवेशाची वाट न बघता ते आधी मागवा.

लंडनची बहुतेक मास्टर्स एक वर्षाची. नंतर भारतात कॉलेजात शिकवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच माहीत हवी: २०२२च्या भारत-ब्रिटन करारात तिथली एक वर्षाची मास्टर्स मान्य झाली, पण आर्किटेक्चरसारख्या व्यावसायिक पदव्या त्या कराराच्या बाहेर आहेत. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे लेखी विचारणा करून मगच पैसे भरा.

पैसा आणि कागद

शिष्यवृत्त्या आहेत, पण त्या प्रवेशाइतकीच तयारी मागतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये १२५ जागा. त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना, ६ भटक्या-विमुक्तांना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांना. शेवटच्या ४ जागांबद्दल आपल्याकडे फार कमी जणांना माहिती असते. आदिवासी मंत्रालयाची योजना स्वतंत्र आहे, २० जागांची. तिच्यातल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव, म्हणजे कोलाम आणि माडिया मुलांनी ती सोडू नये. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर समितीकडचा अर्ज आजच टाका.

कर्जात शेतकरी कुटुंबाची गाडी एका ठराविक ठिकाणी अडते. साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते, घरी दहा एकर वावर असतं आणि बँक ते घेत नाही. यामागे कायदा आहे: थकीत कर्जाची वसुली बँका ज्या २००२च्या सरफेसी कायद्याने करतात, तो शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे शेतीची कागदपत्रं घेऊन शाखेच्या चकरा मारण्यात अर्थ नाही. अकृषक प्लॉट, शहरातलं एखाद्या नातेवाइकाचं घर किंवा मुदत ठेव यांचा विचार आधी करा. गावठाणातलं घर दाखवायचं असेल तर मिळकत पत्रिका आहे का आणि ती बँकेला चालते का ते विचारा. २०२४ची पीएम विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते, पण ती देशातल्या ठरवून दिलेल्या संस्थांपुरतीच.

कागदांत सगळ्यात जास्त खोळंबा नावाचा होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर वडिलांचं नाव मधे, जात प्रमाणपत्रावर स्पेलिंग निराळं. पासपोर्ट काढताना दहावीच्या गुणपत्रिकेचं स्पेलिंग धरा आणि बाकी कागद त्याला जुळवून घ्या. फरक मोठा असेल तर राजपत्रात बदल करून घ्या. नागपूर, अमरावती किंवा गोंडवाना विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढायला स्वतः जावं लागू शकतं, आणि निकालाच्या दिवसांत तिथे कुणाला वेळ नसतो. ऑक्टोबरमध्ये अर्ज उघडणार असतील तर जुलै-ऑगस्टातच ट्रान्सक्रिप्टच्या पाच-सहा सीलबंद प्रती काढून ठेवा. आयईएलटीएस नागपुरात देता येते आणि तिचे गुण दोन वर्षं चालतात, त्यामुळे ती पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाच उरकली तरी हरकत नाही.